गोल्डनआय ००७ आज खेळण्यासारखा आहे का? (आणि चित्रपटांवरचे शूटर एवढे का फसतात?)

तिरफळ

एक्सबॉक्सच्या गेम पास या वर्गणीच्या संग्रहात गोल्डनआय ००७ आहे. १९९५च्या बाँडपटावर रेअर कंपनीने १९९७ साली निन्टेन्डो ६४ या खेळयंत्रासाठी काढलेला हा गेम. जिथे वाचावं तिथे त्याची आरती चालू असते. उघडून पाहावं तर चेहरे म्हणजे खोक्यावर चिकटवलेले फोटो, संवाद सगळे लेखी, उडी मारायचं बटणच नाही, आणि नीट नेम धरायचा तर बाँडने जागेवर खिळून उभं राहायचं.

जाणकारांना दोन प्रश्न. यात आजही दम आहे, की जुन्या आठवणींचा उमाळा आहे? आणि चित्रपटावरचे बाकीचे शूटर, म्हणजे बंदूकबाजीचे गेम, बहुतेक भंगार असताना याचंच काय जमलं? 'क्लासिक आहे' एवढंच लिहू नका, नेमकं सांगा.

अर्धवटराव

उडीचं बटण नाही म्हणता? पहिल्याच लेव्हलमध्ये धरणावरून बंजी मारतो की तो. पायरीवरून उडी मारता येत नाही, धरणावरून येते. सरकारी नोकर आहे शेवटी, वरून आदेश लागतो.

खटारा६४

तिरफळ, आधी एक विचारतो. कोणत्या पातळीवर खेळताय? 'एजंट' या सगळ्यात सोप्या पातळीवर खेळत असाल तर तुम्ही गेमचा तिसरा हिस्साच पाहताय.

या गेमचं खरं बलस्थान म्हणजे काठिण्यपातळी वाढते तशी कामंही वाढतात. नुसते शत्रू चिवट होत नाहीत. पहिली लेव्हल धरणाचीच घ्या. एजंटवर एकच काम, शेवटपर्यंत पोचा आणि बंजी उडी मारा. सीक्रेट एजंटवर त्याआधी सगळे अलार्म गोळ्या घालून निकामी करायचे. ००एजंटवर त्यात मोडेम बसवणं आणि डेटाचा बॅकअप पळवणं आलं. तो मोडेम फेकून चिकटवायचा असतो. नेमक्या पडद्यावर न बसता शेजारच्या भिंतीवर बसला की ते काम गेलं आणि लेव्हल पहिल्यापासून. त्यामुळे एजंटवर जी खोली तुम्ही पळत ओलांडता, तीच ००वर मुक्कामाची होते. नकाशा तोच, पण लेव्हल वेगळी.

ही कल्पना त्यांना सुपर मारिओ ६४वरून सुचली, असं दिग्दर्शक मार्टिन हॉलिस यांनी सांगितलेलं आहे. त्यात एकाच जागेत वेगवेगळे तारे मिळवायचे असतात. गोळी हाताला लागली तर हात झटकतो, पायाला लागली तर लंगडतो, हा भाग व्हर्चुआ कॉपकडून आला. सुरुवातीला तर गेमच तसा रुळांवरून आपोआप पुढे सरकणारा करायचा विचार होता.

दुसरा नमुना पहिल्या बंकरचा. मुख्य पडद्याचा फोटो काढायचा असतो. झटापटीत तुमचीच गोळी त्या पडद्याला लागली तर फोटो कसला काढणार, काम फसलं. गोल्डनआयची किल्ली नक्कल करून घ्यायची आणि मूळ किल्ली तिथेच सोडायची. बोरिस या संगणकवाल्यावर बंदूक रोखून त्याच्याकडून संगणक चालू करून घ्यायचा. तो मेला तर ते कामही मेलं. बंदूक हातात आहे, पण कुठे चालवायची नाही हेही ठरवावं लागतं. १९९७च्या शूटरमध्ये हे फार कुणी करत नव्हतं.

निवडुंग

खटारा शेठ, सगळं मान्य, पण नाण्याची दुसरी बाजू तुम्ही खिशातच ठेवलीत.

मध्ये चेकपॉइंट नाही. तब्येत आपोआप भरत नाही, औषधाच्या पेट्या नाहीत. जे काही आहे ते चिलखत, आणि ००एजंटवर ते बहुतेक ठिकाणांहून काढून टाकलंय. म्हणजे शेवटच्या दारात एक कोपऱ्यातली बंदूक लागली की मागचा सगळा भाग पुन्हा. याला काठिण्य म्हणायचं का शिक्षा?

मूळ यंत्रावरचा फ्रेमरेट तर विचारूच नका. चार जणांनी पडदा वाटून घेतला आणि दोन स्फोट झाले की चित्र अक्षरशः रांगतं. सरफेसच्या दोन्ही लेव्हल धुक्यात, कारण लांबचं काढायची यंत्राची ताकद नाही. ठीक आहे, रशियात बर्फ पडतो. पण त्या धुक्यातल्या पहारेकऱ्याला तुम्ही दिसता आणि तुम्हाला तो दिसत नाही, हे कुठल्या हवामानशास्त्रात बसतं?

आणि नताल्या, आपण सांभाळायची ती सोबतीण. तिच्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

कोकमसरबत

आधी तिरफळ यांच्या नियंत्रणाच्या तक्रारीचं बघू. निम्मे लोक तिथेच गेम सोडतात.

एक्सबॉक्स: दोन स्टिकचं आधुनिक नियंत्रण दिलेलंच आहे, डावीने चालणं, उजवीने पाहणं. स्टार्ट दाबलं की बाँडचं घड्याळ उघडतं. त्यात या गोष्टी बघा:
- वर-खाली पाहणं मुळात उलटं ठेवलेलं असतं. स्टिक वर केली की नजर खाली. ते 'अपराइट' करा.
- 'लुक अहेड' बंद. हे चालू असलं की चालताना नजर स्वतःहून सरळ रेषेत येते. जिन्यावर डोकं उठतं.
- 'ऑटो एम', म्हणजे आपोआप नेम लावणारी मदत, मात्र पहिल्या फेरीत चालूच ठेवा. गेम त्या मदतीवर बेतलेला आहे. कमीपणा वाटून घेऊ नका.
- नेम धरायचं बटण 'होल्ड' की 'टॉगल' हे आपापल्या बोटांप्रमाणे.

निन्टेन्डो स्विच ऑनलाइनवरची आवृत्ती मूळ गेमच जशाच्या तशा चालवते, तिथे जरा खटपट आहे. गेमच्या घड्याळात नियंत्रणाची पद्धत १.२ 'सॉलिटेअर' निवडा. यात मूळ स्टिकने पाहणं होतं आणि पिवळ्या सी-बटणांनी चालणं. स्विचवर सी-बटणं उजव्या स्टिकवर येतात, म्हणजे सगळं उलट्या हातांत गेलं. आता गेममधून बाहेर येऊन स्विचच्या मुख्य सेटिंगमध्ये जा, कंट्रोलरची बटणं बदलायच्या जागी डावी आणि उजवी स्टिक अदलाबदल करा. गोळीचं बटण डाव्या ट्रिगरवर असतं, तेही उजव्याशी बदलून घ्या. हा संच प्रीसेट म्हणून जतन करा आणि खेळून झालं की मूळ संच परत लावा. नाहीतर दुसरा गेम उघडल्यावर मारिओ डाव्या हाताने कॅमेरा फिरवायला लागेल.

जाता जाता, १६:९चा पर्याय त्या घड्याळात १९९७पासूनच आहे.

तिरफळ

कोकमसरबत, मनापासून धन्यवाद. उलटी नजर हाच अर्धा त्रास होता. पण नेम धरला की खिळून उभं राहणं? ते सेटिंगमध्ये सापडत नाहीये.

कोकमसरबत

ते सेटिंग नाही, मूळ रचनाच तशी आहे. नेम धरला की स्टिकने पडद्यावरची फुली फिरते आणि पाय थांबतात. मात्र त्याच अवस्थेत खाली वाकता येतं, कोपऱ्यावरून डावी-उजवीकडे झुकता येतं. म्हणून चालताना ऑटो एमच्या भरवशावर कमरेतून गोळ्या घाला. थांबून नेम धरायचा तो कॅमेरा, कुलूप, लांबचा पहारेकरी किंवा डोकं टिपायला. दोन वेगळी हत्यारं समजा.

रातकिडा

नेमबाजीवर सगळे बोलतायत, आवाजावर कुणीच नाही. आवाज समजला नाही तर हा गेम उगाच अवघड वाटतो.

सायलेन्सर लावलेल्या पीपी७ पिस्तुलाची एखादी गोळी शेजारच्या खोलीत पोचत नाही. केएफ७ रायफलची फैर मात्र लांबवर ऐकू जाते, आणि सलग जितक्या गोळ्या झाडाल तितका आवाजाचा घेर वाढतो. ऐकणारे पहारेकरी धावत येतात. त्यातल्या काहींच्या जागी नवे उगवतात. 'मारतोय मारतोय तरी संपतच नाहीत' ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. तुम्हीच पाहुणे बोलावताय.

तेव्हा फॅसिलिटीसारख्या लेव्हलमध्ये हा क्रम ठेवा. सुरुवात हवेच्या नळीतून खाली शौचालयात होते. तिथून पीपी७च हातात, एकेक गोळी, मध्ये थोडा श्वास. मेलेल्याची केएफ७ उचला, पण वापरू नका. डोक्याला एक गोळी आणि पोटाला तीन यात आवाजाचा हिशेब डोक्याच्या बाजूने लागतो. अलार्मकडे पळणारा दिसला की बाकी सगळे सोडून तो आधी. बॉटलिंगच्या हॉलमध्ये पोचलात की मग काय धुडगूस घालायचा तो घाला, तिथे तसाही दंगा होणारच.

शास्त्रज्ञांना मात्र मारू नका. हात वर करून उभे राहतात बिचारे, पण काही जण थांबून थांबून डोक्यात जातात आणि बोट चाळवतं. जास्त मेले की मोहीम फसते.

सातबारा

दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोलत नाहीये, म्हणून माझे दोन पैसे.

चित्रपटावरचा गेम फसतो तो बहुतेक वेळा तारखेने. चित्रपटाच्या प्रदर्शनाला गेम दुकानात हवा, म्हणजे चित्रपट तयार व्हायच्या आत गेम तयार हवा. गोल्डनआयला ही तारीख चुकवू दिली. चित्रपट नोव्हेंबर १९९५चा, गेम ऑगस्ट १९९७चा. त्या टीममध्ये बहुतेक जण आयुष्यातला पहिला गेम करत होते, तरी जमलं, कारण वेळ होता.

दुसरं म्हणजे त्यांनी चित्रपटाचं कथानक कमी आणि जागा जास्त घेतल्या. चित्रीकरणाच्या सेटवर जाऊन फोटो काढले, आधी इमारती उभ्या केल्या, आणि बाँड कुठून शिरणार, काम कुठे, पहारेकरी कुठे हे नंतर ठरवलं. म्हणून तिथे कामाच्या नसलेल्या खोल्या आहेत, बंद बोळ आहेत, दोन वाटा एकाच ठिकाणी येतात. खेळाडूसाठी आखलेला बोगदा वाटत नाही, कार्यालय वाटतं. चित्रपटात जेमतेम दिसलेली जागा इथे पूर्ण फिरता येते. गेमकडून अजून काय हवं?

निवडुंग

सातबारा, तीच गोष्ट दोष म्हणूनही मोजा ना. आधी इमारत, मग गेम केला की अर्काइव्ह्जसारखी लेव्हल होते. सारखे बोळ, सारखी दारं, नकाशा नाही, बाण नाही. कार्यालय वाटतं हे खरंच, सातबारा काढायला गेल्यावर तालुक्याचं कार्यालय वाटतं तसं. या खिडकीवरून त्या खिडकीवर.

सातबारा

माझ्या आयडीवर घसरलात! पण मुद्दा बरोबर आहे, अर्काइव्ह्जबाबत हरलो. धरण, फॅसिलिटी, फ्रिगेटबाबत मागे हटणार नाही. फ्रिगेटवर ओलिसांना सोडवायला कुठल्या जिन्याने उतरायचं हे तुम्ही ठरवता आणि त्यावर किती जण वाचतात ते ठरतं. बोगद्याच्या लेव्हलमध्ये हे होणार नाही.

गुळांबा

तारखेचा मुद्दा पूर्ण पटत नाही. दोन उलट उदाहरणं.

एक, २००५चा किंग काँग. चित्रपटासोबतच आला, तरी चांगला. युबिसॉफ्टचा, मिशेल आन्सेल यांच्या देखरेखीखालचा. पडद्यावर काहीच नाही, ना गोळ्यांचा आकडा ना तब्येतीची पट्टी. किती मॅगझिन उरली हे बटण दाबलं की नायक तोंडाने सांगतो. गोळ्या संपतातच, मग हाडांचे भाले उचलून फेकायचे. भाल्याच्या टोकाला अळी टोचून ती लांब टाकायची म्हणजे मोठे प्राणी तिच्यावर तुटून पडतात आणि तुम्ही बाजूने सटकता. चित्रपटातली 'आपण इथे भक्ष्य आहोत' ही भीती नेमकी पकडली होती. दोष असा की एक्सबॉक्स ३६०वर जुन्या टीव्हीला जोडला तर चित्र इतकं अंधारं की भाला सोडा, हात दिसेना.

दोन, एलियन्स: कॉलोनियल मरीन्स. १९८६च्या चित्रपटावर बेतलेला आणि आला २०१३ साली. मधल्या २७ वर्षांत कुठली तारीख आडवी आली होती? दाखवलेला डेमो एक आणि विकलेला माल दुसरा. एलियन सरळ रेषेत अंगावर धावत यायचे, मध्येच खांबाकडे बघत उभे राहायचे.

भोपळे चौक

तो स्पेलिंगचा किस्सा यातलाच ना? एका अक्षराने एलियन मंद झाले म्हणे. खरं आहे की व्हॉट्सॅप विद्यापीठ?

गुळांबा

खरं आहे, आणि पीसीवर दोन मिनिटांत स्वतः तपासता येतं.

गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ अशी आहे की एलियनला लढाईतल्या ठरावीक टापूंशी 'टेदर' करायचं, म्हणजे बांधायचं. कुठल्या बाजूने घेरायचं, कुठल्या बिळातून निघायचं, मागे कधी सरायचं, हे त्यावर ठरतं. त्या ओळीत 'टेदर'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त पडलाय. गेमला त्या नावाचं काही सापडत नाही, तो गप्प बसतो, चूकही दाखवत नाही. एलियन मोकळा सुटतो आणि मोकळा एलियन सरळ धावत येतो.

कृती: 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये 'माय गेम्स', त्यात गेमच्या नावाचा फोल्डर, त्यात 'पेकनगेम', त्यात 'कॉन्फिग'. तिथली 'पेकनइंजिन' नावाची आयएनआय फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. 'टेदर'चं ते वाढीव 'ए'वालं रूप शोधा, तो 'ए' काढा, जतन करा. बस्स. एलियन बाजूने यायला लागतात, बिळांचा वापर वाढतो. गेम काही सोन्याचा होत नाही. लेव्हल त्याच आहेत, कथा तीच रटाळ आहे. पण लढाईला अर्थ येतो.

हे जगभर गाजलं २०१८मध्ये. बैल गेला आणि झोपा केला.

अर्धवटराव

शुद्धलेखनाच्या धाग्यावर भांडणाऱ्या समस्त मंडळींना हा प्रतिसाद फ्रेम करून द्यावा. एका अक्षराने एलियन आंधळे होतात!

भोपळे चौक

जोरदार. वाचनखूण साठवली.

चित्रपटाशी इमान राखण्याबद्दलच बोलायचं तर स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २०१५ घ्या. डाइस कंपनीने चित्रपटातल्या खऱ्या वस्तूंचे आणि जागांचे शेकडो फोटो काढून त्यावरून त्रिमिती मॉडेल केली. ब्लास्टरचा आवाज, होथचा बर्फ, अंगावर येणारे एटी-एटी हे चालते रणगाडे, डोळे बंद करून ऐकलं तरी चित्रपट. आणि एकट्याने खेळायची मोहीमच नाही! तेरा प्रकारचे मसाले आणि भाजी नाही. २०१७च्या दुसऱ्या भागात मोहीम आली तर सोबत लूट-पेट्या, म्हणजे नशिबाच्या बंद पेट्या, आल्या. डार्थ व्हेडर हे पात्र उघडायला सुरुवातीला ६०,००० क्रेडिट लागत, बोंब झाल्यावर १५,००० केले आणि गेम बाजारात यायच्या आदल्या रात्री खऱ्या पैशाची खरेदी बंद करावी लागली. दिसण्यात इमान आणि व्यवहारात बेइमान.

रातकिडा

तिरफळ यांचा धागा विषय सोडून पार काश्मीरला निघालाय, पण निघालाच आहे तर रोबोकॉप: रोग सिटीचं नाव घ्या. २०२३, पोलंडच्या टेयॉन कंपनीचा. याच कंपनीचा आधीचा रँबो हसण्यावारी गेला होता.

चांगलं काय, तर रोबोकॉप हा अर्धा यंत्र असलेला पोलीस हळू चालतो, आणि गेमने त्याला हळूच चालवलंय. आडोशाला दडत नाही, घरंगळत नाही. गोळ्या अंगावर घेत सरळ चालत जायचं. त्याच्या ऑटो-९ या बंदुकीला गोळ्यांची मर्यादा नाही, सर्किट बोर्डवर चिप जोडून तिला वाढवायचं. शत्रूला मानगुटीने धरून दुसऱ्या शत्रूवर फेकायचं. मधल्या वेळात चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना दंडाच्या पावत्या फाडायच्या. मूळ अभिनेते पीटर वेलर यांचाच आवाज आहे.

वाईट काय, तर चेहरे लाकडी, ओठ आणि शब्द यांची गाठ नाही, आणि पोलीस ठाण्यातल्या कामांत मधला भाग पाणी घालून वाढवलेला. शिवाय ऑटो-९ एकदा वाढली की बाकीच्या बंदुका उचलायचं कारणच उरत नाही. हा मोठा दोष. इतकी हत्यारं ठेवली कशाला?

खटारा६४

आणि गोल्डनआयमध्ये नेमकं उलट! पीपी७ शांत पण कमजोर, केएफ७ मुबलक पण बोंबलणारी, स्नायपर रायफल लांबचं पाहायला, माइन, म्हणजे सुरुंग, तीन प्रकारच्या. प्रत्येकाचा प्रसंग वेगळा. पण क्लोबही त्यातच आहे हे कबूल करतो. ती बंदूक शत्रूच्या हातात असली तरच आनंद. गोळ्या कुठेही जातात आणि लागल्या तरी गुदगुल्या.

बाराखडी

निवडुंग यांनी नताल्याचं नाव काढलं आणि पुढे सगळे सोयीस्कर विसरले. ती लेव्हल (कंट्रोल) खरंच लोक सोडून देतात, म्हणून लिहिते.

नताल्या संगणकावर बसून काम करते आणि तोवर तुम्ही तिला जिवंत ठेवायचं. पहारेकरी एकापाठोपाठ येत राहतात. तिला स्वतःच्या जिवाची पर्वा नाही, खाली वाकत नाही, मरणाऱ्याच्या आवाजाने हलत नाही. चुका बहुतेक तीनच होतात.

पहिली, तिला घाईने संगणकापर्यंत नेणं. त्याआधी आजूबाजूच्या खोल्या आणि छतावरच्या स्वयंचलित बंदुका संपवा. ती बसली की या गोष्टींना वेळ मिळत नाही.

दुसरी, तिच्या मागे उभं राहून मारणं. तुमची गोळीही तिला लागते. तिच्या आणि येणाऱ्यांच्या मध्ये उभे राहा, मार स्वतः खा. म्हणून तब्येत राखून इथपर्यंत यायचं, चिलखत आधीच उचलून वाया घालवायचं नाही.

तिसरी, स्फोटकं. घाबरून ग्रेनेड टाकला की पहारेकऱ्यांसोबत तीही जाते. इथे साधी स्वयंचलित बंदूक आणि छोट्या फैरी.

एवढं करूनही ती कधीतरी मरतेच, हे मान्य. हा दोष गेमचाच आहे. सोबत्याची अक्कल हा यातला सगळ्यात कच्चा भाग.

रेल्वेच्या लेव्हलमध्येही तीच तऱ्हा. शेवटी डब्यात कोंडून घड्याळ सुरू होतं, तेव्हा हातघड्याळाचा लेझर लावून जमिनीवरचं झाकण कापायला लगेच घ्या. ००एजंटवर मात्र झाकण उघडलं म्हणून उडी टाकायची नाही, तिचं संगणकाचं काम पूर्ण होऊ द्या. नाहीतर जिवंत सुटाल आणि मोहीम फसेल.

निवडुंग

बाराखडीताई, दंडवत घ्या. 'घाबरून ग्रेनेड' मनाला लागलं.

पानशेत

चार जणांच्या खेळाशिवाय हा धागा अपुरा आहे. गंमत म्हणजे तो भाग मूळ योजनेत नव्हताच, शेवटच्या टप्प्यात स्टीव्ह एलिस या प्रोग्रॅमरने बसवला. आणि लोकांनी वर्षानुवर्षं तोच खेळला.

आज खेळायचं तर हे लक्षात ठेवा. एक्सबॉक्सवर ऑनलाइन नाही, एकाच घरात एकाच टीव्हीसमोर बसूनच. ऑनलाइन फक्त स्विचवर. तिथेही पडदा वाटलेलाच राहतो, म्हणजे दुसऱ्या गावातल्या मित्राचा चौकोनही तुम्हाला दिसतो आणि त्याला तुमचा. डोकावल्याची तक्रार आता हजार मैलांवरून करता येते. पीसीच्या गेम पासवर हा गेम नाही, कन्सोलवरच. रेअर रिप्ले हा रेअरच्या जुन्या गेमचा संच डिजिटल विकत घेतलेल्यांना एक्सबॉक्सवर तो वेगळे पैसे न देता मिळतो.

घरचे नियम असे ठेवा. ऑडजॉब हे पात्र कुणी घ्यायचं नाही. तो बुटका आहे, ऑटो एम आणि नजर दोन्ही त्याच्या डोक्यावरून जातात. प्रॉक्सिमिटी (जवळ जाताच फुटणाऱ्या) माइन लावायच्या तर बंदुकीच्या पेटीवर आणि चिलखतावर चालतील, पण माणूस पुन्हा उगवतो त्या जागेवर लावणं हा अधर्म. गेम ते करू देतो, हा त्याचा दोष आहे. उगवताच मेलेला माणूस पुन्हा तिथेच उगवू शकतो. नवख्यांबरोबर कॉम्प्लेक्स नकाशा आणि पिस्तुलं. जुन्यांबरोबर स्टॅक आणि रिमोट माइन.

गोल्डन गनच्या प्रकारात ती बंदूक एका गोळीत मारते पण प्रत्येक गोळीनंतर भरावी लागते. ज्याच्या हातात आहे त्याच्यावर समोरून जाऊ नका. एकाने गोळी काढून घ्यायची, दुसऱ्याने झडप घालायची. युती टिकते ती बंदूक हाती लागेपर्यंत.

अर्धवटराव

शेवटच्या वाक्यावर राजकीय टिप्पणी करायचा मोह आवरतो आहे.

सातबारा

आवरा. संपादक मंडळ जागं आहे.

तिरफळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर गुळांबांनी माझा मुद्दा खोडला नाही, दुरुस्त केला. तारीख हे एक कारण. खरा फरक दिसतो तो चित्रपटातून काय उचललं यात. किंग काँगने भीती उचलली, रोबोकॉपने चाल उचलली, गोल्डनआयने हेरगिरीचं काम उचललं. बॅटलफ्रंटने दृश्य उचललं आणि कॉलोनियल मरीन्सने नाव. दृश्य आणि नाव कंट्रोलरवर खेळता येत नाही.

गुळांबा

हे मान्य. फक्त गोल्डनआयने चेहरेही उचलले होते हं. आधीचे बाँडही चौघांच्या खेळात घ्यायचे होते, कॉनरी, मूर, डाल्टन. परवानगीचं जमेना म्हणून शेवटी काढले. आणि आवाज नाहीत ते आळसाने नाही. सगळा गेम १२ मेगाबाइटच्या काडतुसात बसवलाय. आज एका फोटोला तेवढी जागा लागते.

तिरफळ

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. सीक्रेट एजंटवरून सुरू करतो. एकच राहिलं. फॅसिलिटी ००एजंटवर २:०५च्या आत केली की अजिंक्यपणाची चीट, म्हणजे मरणच नाही अशी सवलत, उघडते असं वाचलं. रातकिडा यांच्या शांत पद्धतीने ते अशक्य दिसतंय. मग?

रातकिडा

बरोबर, तिथे माझी पद्धत गुंडाळून ठेवा. वेळेची फेरी आणि पहिली फेरी हे दोन वेगळे खेळ आहेत. लेव्हल पाठ होईपर्यंत घड्याळाकडे बघायचंच नाही.

मग हे करा. मारत बसू नका, मागे सोडून पळा. दारं उघडताना थांबू नका, बटण दाबून वळत राहा. सरळ पळण्यापेक्षा तिरकं, म्हणजे पुढे आणि बाजूला एकदम दाबून पळालं की वेग जास्त मिळतो. या गेमची ही प्रसिद्ध खोड आहे. बॉटलिंगच्या टाक्यांवर रिमोट माइन पळता पळता फेका आणि दाराच्या दिशेने वळल्यावर उडवा.

अडचण आहे डॉक्टर डोक यांची. दाराचा डीकोडर त्यांच्याकडे, आणि ते दर वेळी वेगळ्या जागी उभे असतात. वाटेवरच्या खोलीत भेटले तर फेरी चालू ठेवा. लांब गेले असतील तर शोधत बसू नका, घड्याळ उघडा, मोहीम सोडा, परत सुरू करा. यात कौशल्याइतकंच नशीब लागतं. कितीही पळालात तरी डोक चुकीच्या खोलीत असतील तर २:०५ होत नाही.

खटारा६४

भर घालतो. डोक दिसले की त्यांच्या बाजूने गोळीबार थांबवा. संवाद पूर्ण व्हायच्या आत त्यांना गोळी लागली तर डीकोडर गेला. आणि त्यांचं बोलणं चालू असताना मागून येणारा पहारेकरी त्यांच्याच दिशेने झाडतो, तेव्हा बाजूला सरकून उभे राहा.

अर्धवटराव

म्हणजे साहेब जागेवर भेटले तर काम होणार, नाहीतर उद्या या. निवडुंग, तुमचं तालुक्याचं कार्यालय इथेच सापडलं.